जादा पाटा

आमच्या दुकानात रिकामी गाडी कधी तपासली जात नसे. हा अप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा नियम. आमचं काम ट्रकच्या कमानींचं. चाकांच्या वर जे धनुष्यासारखे वाकलेले लोखंडी पाटे एकावर एक बांधलेले असतात, त्या सगळ्या जुडीला कमान म्हणतात. एखादा पाटा तुटला किंवा वर्षानुवर्षं ओझं वाहून सरळ झाला, की ट्रक एका अंगाला कलतो आणि अंगावरून वारं गेलेल्या माणसासारखा रस्त्यानं चालू लागतो. असे कलते ट्रक वैरागहून, मोडनिंबहून, अक्कलकोटच्या बाजूनं सोलापुरात येऊन आमच्या दारात उभे राहत. अप्पा कमान सोडत, बसलेल्या पाट्याला घणानं ठोकून पुन्हा बाक आणत, तुटलेल्याच्या जागी नवा घालत, आणि मग ट्रकवर सरकीच्या पेंडीची पोती चढवायला लावत. ट्रक भरला की मागं जाऊन उकिडवे बसत, दोन्ही बाजूंच्या कमानी नजरेनं जोखत आणि मगच म्हणत, "जा आता." एखादा ड्रायव्हर घाईत असला आणि म्हणाला, "राहू द्या की मालक, रिकामीच नेतो," तर अप्पांचं उत्तर ठरलेलं होतं. "रिकाम्या गाडीवर पाट्याचं काय कळतंय? लग्नाआधी समदीच माणसं शांत असत्यात."

आता हा नियम कुणी पाळत नाही. दुकान माझा मुलगा बघतो. त्याच्याकडे ट्रकपेक्षा पोरांच्या मोटारीच जास्त येतात आणि पोरांना गाडी बसकी हवी असते. परवा एकजण नवी कोरी गाडी घेऊन आला आणि म्हणाला, "काका, सस्पेन्शन अपग्रेड करायचंय. दोन इंच खाली घ्या." आमची अख्खी हयात खाली बसलेल्या गाड्या वर उचलण्यात गेली. मी खुर्ची उचलून बाहेर झाडाखाली जाऊन बसलो. तिथं बसल्या बसल्याच हे लिहायचं ठरवलं.

घर दुकानाच्या मागं होतं. मधे एक दार होतं, ते बंद झालेलं मला आठवत नाही, त्यामुळे लोखंडाचा कीस भातातही सापडे. डाव्या हाताला नरसय्या नावाच्या तेलुगू विणकराचे माग, ते दिवसभर खडखडत. गिरणीचा भोंगा वाजला की कुत्री ओरडत आणि कुत्री ओरडली की नरसय्याचा बाप त्यांना तेलुगूत शिव्या देई. आमच्याकडं घणाचे घाव. अशा घरात कुणी हळू बोलून उपयोग नसतो. माझी बहीण लग्न होऊन लातूरला गेली, तेव्हा सासरचे सगळे आजारी आहेत असं तिला पहिले कित्येक महिने वाटत होतं, कारण ते साध्या आवाजात बोलत. अप्पा गिऱ्हाइकाशी मराठीत आणि अव्वाशी, म्हणजे आमच्या आईशी, कानडीत बोलत. आमच्यावर रागावले की सुरुवात कानडीत आणि शेवट मराठीत करत. शेवट मराठीत असल्यामुळे गल्लीला निकाल कळे.

जेवण साधं होतं. ज्वारीची भाकरी, पुंडीपल्ल्याची, म्हणजे अंबाडीची आंबट भाजी, शेंगांची चटणी आणि ताक. ट्रकवाले जेवायच्या वेळेला आले तर पाटावर बसत आणि अव्वा त्यांना आमच्याआधी वाढी. "गाडी मोडलेल्या माणसाला आधी भूक लागते," असं ती म्हणे. सणावाराला किंवा एखादं अवघड काम सुटलं की ती हुग्गी करायची. गव्हाची, गुळाची खीर, वर तुपाची धार. त्या हुग्गीचा या प्रकरणाशी थोडा संबंध आहे.

माझा थोरला भाऊ मल्लिकार्जुन, घरात अण्णा, हा आमच्यातला एकमेव सावकाश माणूस होता. त्याचं जेवण संपेपर्यंत अव्वाची सगळी भांडी घासून होत, त्याचं ताट तेवढं राही. ट्रक मागं घ्यायचा तर हा खाली उतरून बघे, पुन्हा चढे, थोडा मागं घेई आणि पुन्हा उतरे. ड्रायव्हर लोक त्याला "मुहूर्तवाले अण्णा" म्हणत. हे मी आधीच लिहून ठेवतो, कारण आमच्या घराण्यात गेल्या पन्नासेक वर्षांपासून त्याच्याबद्दल दुसरंच सांगितलं जातं. घरातल्या कुठल्याही मुलाच्या हातात पहिल्यांदा किल्ली दिली, की वडीलधारं कुणीतरी म्हणतं, "अण्णाआजोबासारखी चालवू नको." माझ्या मुलाला हे मीच सांगितलं. नातवाच्या वेळी मला खोकला आला आणि मी उठून बाहेर गेलो.

अशा या अण्णाला शर्यतीच्या गाडीचं वेड लागलं. ती गाडी आमच्याकडं कशी आली ते लांबण आहे आणि त्यातला एकजण अजून हयात आहे, म्हणून सोडून देतो. गाडी परदेशी होती. दोन दारांची, इतकी बसकी, की आत शिरल्यावर माणूस गाडीत बसला आहे की रस्त्यावर, हे त्यालाही सांगता आलं नसतं. मूळची लाल, उन्हानं शेंदरी झालेली. पहिल्या दिवशी अव्वानं तिला हळदकुंकू वाहिलं, तर त्यातली फक्त हळद दिसली. इंजिन मात्र अस्सल होतं. ते सुरू झालं की शेजारचे माग ऐकू येत नसत. नरसय्या कुंपणावरून डोकावून म्हणाला, "मल्लूभाऊ, ही गाडी हाय का गिरणी? दळण आणू काय?"

त्या हिवाळ्यात काही हौशी मंडळींनी मोटारींची शर्यत ठरवली. आज जिथं चिंचोळीची एमआयडीसी आहे, तिथं तेव्हा नुसता माळ होता. माळावर मुरमाची गोल वाट आखली होती. पुण्याकडून गाड्या येणार अशी बातमी होती. अण्णानं नाव दिलं. घरात हे सगळ्यात शेवटी अप्पांना कळलं आणि गंमत म्हणजे ते चिडले नाहीत. आमच्या दुकानातली गाडी पुण्याच्या गाड्यांसमोर उभी राहणार हे त्यांना आवडलं असावं. दुपारी जेवताना त्यांनी विचारलं, "काय त्रास हाय गाडीला?"

"वळणावर कलते," अण्णा म्हणाला.

"कलते म्हंजे पाटा कमी पडतोय."

"पाटा न्हाई अप्पा, शॉकअप गेलेत. नवे शॉकअप घातले आणि पाटे मऊ ठेवले, तर गाडी रस्त्याला चिकटून जाईल."

"चिकटून?" अप्पांनी अव्वाकडं पाहिलं. "ऐकलंस? तुझा पोरगा गाडी चिकटवणार हाय."

"नरसय्याकडनं खळ आणू काय?" अव्वानं विचारलं. सूत ताठ करायची खळ शेजारी पिंपभर असे. आम्ही हसलो. अण्णाही हसला आणि पुढचा घास कालवू लागला.

शॉकअप म्हणजे उसळी मारणाऱ्या चाकाला आवरून धरणारी नळी. कमान धक्का झेलते, पण झेलल्यावर ती झोपाळ्यासारखी हलत राहते. ते हलणं ही नळी थांबवते. हे मला आज माहीत आहे. तेव्हा आमच्या दुकानात शॉकअपला कुणी फारशी किंमत देत नसे, कारण भरलेला ट्रक आपल्या ओझ्यानंच शांत राहतो. अण्णानं पुण्याला निरोप पाठवला होता. त्या गाडीचे शॉकअप मिळत नाहीत असं उत्तर आलं. त्याच संध्याकाळी अप्पा मला म्हणाले, "सिद्ध्या, मागच्या कमानीत येक पाटा वाढीव. दोन्ही अंगाला. तूच कर."

तूच कर, म्हणजे काय, हे सांगायला हवं. मी तेव्हा विशीत होतो आणि काम सगळं येत होतं. पण आमच्याकडं शेवटचा घण अप्पांचा असे. पाट्याला बाक मी आणायचा, भोक मी पाडायचं, आणि मग अप्पांनी येऊन एकच घाव घालायचा. त्या घावाची गरज असो नसो, तो पडेपर्यंत पाटा त्यांचा होत नसे आणि तो पडला की माझा राहत नसे. यावेळी ते आलेच नाहीत. मी एका जुन्या टेम्पोचा पाटा निवडला, कापला, ठोकला, मापानं बाक दिला, ग्रीस लावून जुडीत सरकवला आणि वरून क्लॅम्प आवळले. अप्पा दारात बसून ताक पीत होते. मी घण घेऊन त्यांच्याकडं गेलो. ते म्हणाले, "झालं की. मला कशाला देतोस?"

गाडी मागून उचलली गेली. ती आता कुणाच्या तरी पाया पडत असल्यासारखी दिसू लागली. अण्णानं तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या.

मग नियमाप्रमाणे तिला भरलं. मार्केट यार्डाजवळच्या वखारीतून पेंडीची पोती आणली, मागची सीट काढून तिथं रचली, आणि गाडी पायावर पाणी पडल्यासारखी शांत झाली. मागची बाजू खाली आली, पुढची मागची एका रेषेत आली. अप्पा, अण्णा आणि मी तिच्यातून होटगी रस्त्याला जाऊन आलो. अप्पा पोत्यांवर बसले होते. खड्डा आला की ते फक्त "हं" म्हणत. वळणावर अण्णानं हळूच वेग वाढवला, तरी गाडी कलली नाही. परत आलो तेव्हा मोडनिंबचा दगडू ड्रायव्हर दारात उभा होता. त्यानं खाली वाकून कमान पाहिली.

"लई बेस बसवलीय की. ह्ये कुणी केलं, मालक?"

अप्पांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. अप्पा माणसांना हात लावणारे नव्हते. लोखंडाला लावत. "धाकट्यानं केलंय," ते म्हणाले. "मी घण बी उचलला न्हाई."

"मग हुग्गी पायजे की आज!" दगडू आतल्या दाराकडं तोंड करून ओरडला.

अव्वानं गहू आधीच भिजत घातले होते.

पोती परत करायला मी एकटा गेलो. वखारीत ती उतरवली आणि रिकामी गाडी घेऊन निघालो. रेल्वे फाटकाजवळ रस्ता वळतो. तिथं एक साधा खड्डा होता, सगळ्या गावाला पाठ असलेला. मागचं चाक त्यात गेलं, मागची बाजू उडाली, आणि जिथून उडाली तिथं खाली आली नाही. शेजारी आली. तिथं एक पेरूवाली बसायची. तिची पाटी वाचली, पण थोडक्यात. "डोळं फुटलं का रं भाड्या!" ती ओरडली. मी पुढं जाऊन गाडी वळवली आणि पुन्हा त्या खड्ड्यावरून आणली. पुन्हा तेच. पेरूवालीनं आता दगड उचलला होता.

मला कळलं होतं. कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी गाडीला टेम्पोची कमान घातली होती, ती टेम्पोइतकं ओझं असलं तरच वाकणार होती, आणि शर्यतीत अण्णा एकटा बसणार होता. पाटा काढायला दुपार पुरली असती. मी घरी आलो तेव्हा गुळाचा वास गल्लीच्या तोंडाशीच आला. अप्पा हातपाय धूत होते. दगडू अजून होता आणि आणखी दोन ट्रकवाले आले होते. अप्पा त्यांना पाय धुता धुता सांगत होते, की त्यांनी घण उचलला नाही. अण्णा इंजिनात डोकं घालून उभा होता. त्यानं वर न बघता विचारलं, "रिकामी कशी चालली?"

"झकास," मी म्हणालो.

"झकास म्हंजे कशी?"

"चिकटून."

हा शब्द त्याचाच होता. मी तो त्याला परत दिला. त्यानं मान वर करून माझ्याकडं पाहिलं, हसला, आणि मग आम्ही जेवायला बसलो. मी हुग्गी मागून मागून घेतली.

शर्यतीच्या सकाळी अव्वानं गाडीला ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, आणि अण्णा एकटा गाडी घेऊन पुढं गेला. आम्ही निम्मी गल्ली दगडूच्या ट्रकमधून मागून निघालो, पण दगडूला आडवाट ठाऊक होती, त्यामुळे आम्ही आधी पोचलो. माळावर जत्रा भरली होती. भजीवाला होता, फुगेवाला होता. बैलगाड्यांच्या शर्यतीला जे लोक येतात तेच आले होते आणि गुलाल घेऊन आले होते. पुण्याच्या गाड्या ताडपत्रीखाली झाकून ठेवलेल्या होत्या, त्यांची माणसं नट आवळायचे चकचकीत पाने घेऊन फिरत होती. अप्पा मला घेऊन त्यांच्यात हिंडले. ओळख नसलेल्या माणसाला थांबवून ते सांगत, "ह्ये माझं धाकटं. पाटे ह्यानंच घातलेत." त्यातल्या एकानं टोपी काढून मला नमस्कार केला. एवढ्यात अण्णा आला. गाडीतून उतरून चाकाजवळ थोडा उभा राहिला, आमच्याकडं बघितलं आणि नंबर घ्यायला गेला.

आता शर्यतीचं सांगतो. लोक सांगतात की अण्णाची गाडी वाऱ्यासारखी सुटली, पुण्याच्या दोन गाड्या मागं टाकल्या आणि वळणावर हवेत उडून पलटी झाली. मी वळणावर उभा होतो. अण्णा सगळ्यांच्या मागं होता. पहिली फेरी त्यानं लग्नाच्या वरातीत चालवावी तशी काढली. लोक ओरडत होते, "अण्णा, हाण की! बैल पुढं गेलं!" कुणीतरी त्याच्यावर गुलाल टाकला आणि तो काचेवर पडला, इतका वेळ त्या माणसाला मिळाला. दुसऱ्या फेरीला तो वळणावर आला तेव्हा माझ्या शेजारचा माणूस शेंगा सोलत होता आणि त्याची शेंग सोलून, फुंकून, खाऊन झाली तरी गाडी आमच्यासमोरच होती. तिथं मुरूम उखडून चर पडला होता. मागचं चाक चरात गेलं. मागची बाजू उडाली, शेजारी आली, पुन्हा उडाली, पुन्हा शेजारी आली. अण्णानं काही केलं नाही, म्हणजे करण्यासारखं काही नव्हतं. तिसऱ्या उडीला ती वाटेच्या कडेच्या बांधावर चढली आणि पलीकडच्या करडईत आडवी झाली. अगदी सावकाश. म्हैस चिखलात बसावी तशी. पण बसताना दार उघडलं आणि अण्णाचा डावा पाय दाराखाली सापडला.

आम्ही पळालो. करडईचे काटे पोटऱ्यांना लागत होते, ते मला नंतर कळलं. दहाबारा माणसांनी गाडी उचलली. अण्णा ओरडत नव्हता, दात घट्ट आवळून आभाळाकडं बघत होता. कुणीतरी म्हणालं, "लई जोरात व्हता!" दुसरा म्हणाला, "जोरात म्हंजे? दिसतच नव्हता!" माणसं इतक्या लांब वेग बघायला आली होती, ती हळू पडलेली गाडी बघून घरी जायला तयार नव्हती. संध्याकाळी गावात बातमी पोचली तोवर गाडीनं हवेत कोलांटी मारली होती.

दवाखान्याच्या व्हरांड्यात अप्पा बाकावर बसले होते. मी भिंतीला टेकून उभा. मांडीचं हाड दोन ठिकाणी गेलं आहे आणि गुडघ्याचं काही सांगता येत नाही, असं डॉक्टर सांगून गेले होते. अप्पा आधी कानडीत बोलले, मग मराठीत. "माजला व्हता. पाट्यात खोट न्हाई. मी सवता बघितलाय, भरून बघितलाय." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. कशासाठी हलवली ते त्यांनी ठरवलं. दुसऱ्या दिवशी आम्ही आत गेलो तेव्हा अण्णा पाय टांगून पडला होता. अप्पांनी काही विचारायच्या आधीच तो म्हणाला, "वळण जोरात घेतलं. चूक माझी." मला वाटलं, धक्क्यानं त्याला आठवत नाही. मला तसं वाटून घ्यायचं होतं.

पाय आखूड राहिला. अप्पांनी त्याला पुन्हा गाडीला हात लावू दिला नाही, ट्रक मागं घ्यायलाही नाही. तो चादरीच्या एका दुकानात गादीवर बसू लागला. थोरल्याकडं जायचं ते दुकान माझ्याकडं आलं. गाडी भंगारात गेली, जाण्याआधी मी ते जादा पाटे काढून घेतले आणि एका टेम्पोला घातले. तो टेम्पो कुठल्याही वळणावर कधी उडाला नाही, कारण तो कायम भरलेला असे. अप्पा वारले तेव्हा मी त्यांच्या उशाशी होतो. वाटलं होतं तेव्हा सांगावं. ते तेव्हाही म्हणाले, की धाकट्यानं दुकान राखलं.

हे एवढं लिहून झाल्यावर मी गेल्या आठवड्यात अण्णाकडं गेलो. छापायच्या आधी त्यानं ऐकावं असं वाटलं. तो मुलाच्या घरी गॅलरीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलेला असतो. वहिनी खाली बसून लसूण सोलत होत्या. मी चष्मा लावून वाचायला सुरुवात केली. खळीच्या विनोदाला दोघं हसले. रेल्वे फाटकाशी आलो, तेही वाचलं. "झकास" वाचलं. "चिकटून" वाचलं. अण्णाचा चेहरा काही हलला नाही. "पुढं वाच," तो म्हणाला. मी शर्यत वाचली, करडईत आडवी झालेली गाडी वाचली, आणि कागद मांडीवर ठेवले.

पहिल्यांदा वहिनी बोलल्या. "म्हंजे ह्येंची गाडी हळू व्हती?"

मी मांडीवरचे कागद उचलून सारखे करू लागलो.

"आमच्या अक्कलकोटला सुदिक बातमी आली व्हती, सोलापूरच्या पोरानं गाडी हवेत उडीवली म्हणून. ह्येंचं स्थळ आलं तवा वडील पाय बघून नको म्हणत व्हते. मी म्हणलं, पायाला काय करायचंय, तसली गाडी हाकणारा माणूस हाय." त्यांनी लसणाची परात उचलली. "हळू!"

"चहा टाक," अण्णा म्हणाला.

त्या आत गेल्या. अण्णानं दार लोटून घेतलं, बसल्या जागेवरून, काठीनं. मग म्हणाला, "तुला काय वाटलं, मला म्हाईत न्हवतं?"

"काय म्हाईत न्हवतं?"

"चिंचोळीपतुर गाडी कुणी नेली? तुझ्या सासऱ्यानं? रिकामी गाडी मीच नेली की सिद्ध्या. फाटकापासनं उडत व्हती. बाळे गावाच्या पुढं तर मी उतरून बघितलं, चाक निघालंय का काय म्हणून. मग कमान बघितली. मग कळलं."

माझ्या हातातले कागद खाली पडले. ते गोळा करायला वाकलो आणि बराच वेळ वाकूनच राहिलो. "मग पळवली कशाला?"

"पोचलो तवा अप्पा तुला घिऊन पुण्याच्या माणसाम्होरं उभे व्हते. त्यो टोपी काढून तुला नमस्कार करत व्हता. तितं मी काय म्हणू? पाटा चुकलाय म्हणू? म्हणलं, हळूहळू फेऱ्या काढू, घरी जाऊ आन दोघं मिळून गुपचूप काढून टाकू. त्यो चर दिसला न्हाई."

"आन दवाखान्यात म्हणालास ते?"

"जोरात म्हणालो, कारण दुसरं काय म्हणायचं? हळू व्हतो म्हणलं असतं, तर मग पडली कशी, ते सांगायला लागलं असतं." त्यानं आखूड पाय दोन्ही हातांनी उचलून दुसरीकडं ठेवला. "अप्पा मरस्तवर मला माजलेला म्हणाले. ते झालं. पर नंतर नंतर मजा यायला लागली. दुकानात गिऱ्हाईक यायचं, चादर बघता बघता इचारायचं, ह्येच काय ते गाडीवाले? मी म्हणायचो, व्हय. आख्खा जन्म चादरीच्या घड्या घातल्या मी. त्याचं कोण काय सांगणार हाय? माझ्याबद्दल सांगायसारखं येवढंच हाय, की मी जोरात व्हतो. आन तू आता छापून सांगणार, म्हातारा हळू व्हता."

"अण्णा, मी खरं लिहायला बसलोय."

"लिही की. पाटा लिही. झकास लिही. पेरूवाली लिही. तुझं हाय ते समदं लिही. वेग माझा हाय. वेगाला हात लावू नको."

आत कपबश्यांचा आवाज झाला, नेहमीपेक्षा मोठा. मी विचारलं, "किती लिहू?"

अण्णानं विचार केला. तो पहिल्यापासून सावकाशच विचार करतो. "साठ," तो म्हणाला. मग दाराकडं बघितलं. "ऐंशी लिही."

"मैल?"

"मैलच की."

वहिनी चहा घेऊन आल्या. माझ्यासमोर कप ठेवला, त्याच्यासमोर जरा आपटला. मी पेन काढलं, शेवटच्या कागदाच्या खाली जागा होती तिथं लिहिलं आणि त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचून दाखवलं. तेच इथं छापावं. गाडीच्या वेगाबद्दल वर मी जे लिहिलं आहे, ते वयोमानानं झालेल्या विस्मरणामुळे लिहिलं गेलं आहे. चिंचोळीच्या माळावर, त्या वळणावर, माझ्या भावाची गाडी ताशी ऐंशी मैलांनी जात होती. मी तिथं उभा होतो.